गळ्यातली टेप आणि साइड शोल्डर

शर्टाचं माप घेताना पहिलं बोट कुठे ठेवायचं ते वडिलांनी मला शाळेत असतानाच शिकवलं होतं. मानेपासून खांद्यावरून बोट सरकवत न्यायचं. जिथे हाड संपतं आणि बोट खाली घसरू बघतं तिथे थांबायचं. तिथून पलीकडच्या खांद्याच्या तशाच टोकापर्यंत टेप धरली की झालं शोल्डर. वीस वर्षांत हजारो लोकांच्या खांद्यांवर मी हे टोक चाचपलं असेल. त्याला अॅक्रोमियन म्हणतात आणि साइड शोल्डरचा, म्हणजे खांद्याच्या बाजूच्या गोलाचा, स्नायू बरोब्बर तिथूनच निघतो, हे कळायला मात्र मला चाळिशी गाठावी लागली.

आमचं दुकान गुहागरच्या बाजारपेठेत. दोन मशिनी, एक कटिंग टेबल, पडदा लावलेली ट्रायल रूम आणि तिच्यात पूर्ण उंचीचा आरसा. दिवसाचे आठ-नऊ तास मशिनवर वाकून जातात. त्यामुळे शिंप्याचे खांदे पुढे येतात, मान खाली जाते, आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग सुतळीच्या पिळासारखा कडक होतो. माझाही झाला होता.

२०२२ च्या शिमग्यात वाडीतल्या पोरांनी पालखी नाचवतानाचे फोटो काढले. त्यातल्या एकात पुढच्या दांड्याखाली मी आहे. तो बघून मी दुसऱ्या दिवशी बायकोला विचारलं, "मी असा दिसतो?" ती म्हणाली, "कसा?" तारेच्या हँगरला ओला शर्ट लटकवला की बाह्या कशा खाली ओघळतात, तसा मी दिसत होतो. मान जाड, आणि तिथून थेट उतार. खांदा म्हणून काही नव्हतंच. शर्ट शिवताना अशा गिऱ्हाइकाला मी आत पातळ पॅड घालून देतो, पण उघड्या अंगाला पॅड कुठून लावणार?

त्याच वर्षी नोव्हेंबरात जिमला जायला लागलो. जिम म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची मोठी खोली. समुद्र जवळ, त्यामुळे खाऱ्या हवेने डंबेलच्या दांड्या गंजलेल्या, पावसाळ्यात तर हाताला तांबडं लागतं. तिथल्या शिकवणाऱ्या मुलाने पहिल्याच आठवड्यात साडेसात किलोची डंबेलं हातात दिली आणि म्हणाला, "काका, साइड शोल्डरला लॅटरल रेज. दोन्ही हात बाजूला वर न्यायचे, आणि वर गेल्यावर तांब्यातून पाणी ओततो तशी करंगळी वर करायची." मुलगा मनाने चांगला. त्यालाही कुणीतरी असंच सांगितलं असणार.

दहा महिने मी पाणी ओतलं. आठवड्यातून एकदा, शोल्डरच्या दिवशी, तीन सेट. त्या दहा महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. मान आणखी जाड झाली, आणि वरच्या फळीवरचं कापडाचं ठाण काढताना उजव्या खांद्यात सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं.

चिपळूणला एका फिजिओथेरपिस्टला दाखवलं. हात कुठेकुठे वळवून बघत ते म्हणाले, हात आतल्या बाजूला पिळून वर नेला की हाडाच्या टोकाखालची जागा चिंचोळी होते. तिथून सुप्रास्पायनेटस नावाच्या छोट्या स्नायूची दोरी जाते, ती दाबली जाते. तुमचं पाणी ओतणं बंद करा. अंगठा किंचित वरच्या बाजूला असू द्या, आणि हात अगदी काटकोनात बाजूला नेण्याऐवजी थोडे पुढे, तीसेक अंशांत, खांद्याच्या पात्याच्या रेषेत वर न्या. त्याने काही आठवड्यांत टोचणं थांबलं. (माझं थांबलं. तुमचा खांदा रात्री झोपू देत नसेल तर माझं वाचत बसू नका, दाखवून या.)

दुखणं गेलं, पण खांदा काही वाढेना. मग एका दुपारी मला कारण दिसलं. शब्दशः दिसलं.

दुपारी एक ते चार गुहागरच्या बाजारात कुत्रंसुद्धा उभं नसतं. शटर अर्धं ओढून मी ट्रायल रूमच्या आरशासमोर रेज मारत होतो. घरी सरावाला म्हणून साडेसातचीच एक जोडी विकत आणली होती. गळ्यात टेप तशीच राहिलेली, ती शिंप्याच्या गळ्यात जानव्यासारखीच असते. दोन्ही टोकं छातीवर लोंबत होती. सेट सुरू केला आणि बघतो तर हात हलायच्या आधी टेपची टोकं वर जातायत! चांगली दीड-दोन इंच. म्हणजे मी आधी खांदे कानांकडे उचलत होतो आणि मग त्या झटक्यावर हात बाजूला फेकत होतो. वजन उचलत होती मान. ज्याला खांद्याचा व्यायाम म्हणत होतो ती पालखी उचलायचीच हालचाल होती, फक्त पालखी नव्हती.

पालखीचा दांडा टेकतो तो मानेलगतच्या मऊ भागावर, ट्रॅपेझियसवर. भाताचा भारा, लाकडाची मोळी, आंब्याची पेटी, सगळं तिथेच. आमच्याकडे 'खांद्यावर घेतो' म्हणतात खरं, पण घेतलं जातं ते मानेच्या मुळाशी. खांद्याचा जो गोल आपल्याला आरशात हवा असतो तो त्याच्या पलीकडे, हाडाच्या टोकावरून खाली उतरलेला. त्यावर ओझं ठेवताच येत नाही, घसरून पडेल. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहून कोकणातल्या माणसाची मान तयार होते, पण साइड शोल्डर तयार होतंच असं नाही.

त्या रात्री मोबाइलवर खांद्याच्या आकृत्या बघत बसलो. खांद्याचा गोल स्नायू म्हणजे डेल्टॉइड, त्याचे तीन भाग. पुढचा गळ्याच्या हाडावरून निघतो, मागचा पात्यावरच्या कण्यासारख्या उंचवट्यावरून आणि मधला त्या माझ्या ओळखीच्या टोकावरून. तिन्ही दंडाच्या हाडावर बाहेरच्या बाजूने, साधारण मध्यावर, एकत्र येऊन टाचले जातात. लस टोचतात ती याच स्नायूत. मधल्या भागाची वीण बघून मी हसलोच. ती सरळ उभ्या धाग्यांची नाही. छोटे छोटे तिरके धागे, मधल्या दोऱ्यांना दोन्ही बाजूंनी येऊन मिळणारे. आमच्या भाषेत हेरिंगबोन. कोटाच्या कापडात असते तशी वीण. आखूड धागे, पण दाटीवाटीने भरलेले, म्हणून एवढ्याशा जागेत ताकद भरपूर.

आणि या भागाचं मुख्य काम एकच, हात शरीरापासून बाजूला उचलणं. दिवसभरात असं आपण कितीदा करतो? बेंच प्रेस, पुशअप, डोक्यावर वजन ढकलणं, या सगळ्यांत पुढचा भाग पुढे धावतो. शोल्डर प्रेसमध्ये मधल्यालाही काम पडतं, नाही असं नाही. पण प्रेस मारणाऱ्या बहुतेकांचा खांदा पुढून भरतो आणि बाजूने सपाटच राहतो. गिऱ्हाइकांच्या अंगावर शर्ट चढवताना हे मला रोज दिसतं.

दुसऱ्या दिवशी जिममधून अडीच किलोची जोडी मागून आणली. आई पडवीत नारळ सोलत बसली होती. बघून म्हणाली, "एवढ्याशाला एवढा घाम? हा सोललेला नारळ घे, तोच उचल." तिची चूक नव्हती. पण कळशी अंगालगत धरून विहिरीवरून घरी आणणं आणि तीच कळशी हात लांब करून आडवी धरणं यात किती फरक आहे ते तिलाच विचारा. डंबेल खाली लोंबत असतं तेव्हा खांद्यावर त्याचा जवळजवळ काहीच ताण नसतो. हात तीस अंशांवर आला की निम्मा होतो, आडवा झाला की पुरता. एका लांब दांडीच्या टोकाला वजन, आणि दांडी उचलणारा स्नायू दुसऱ्या टोकाशी. म्हणून अडीच किलो पुरतात. निदान टेपची टोकं न हलवता उचलायचे असतील तेव्हा पुरतात. पहिल्या दिवशी अकरावं आवर्तन मला जमलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, कारण टेपच्या नादात मीही थोडा वाहवलो होतो. हात वर जाताना पातं फिरतंच आणि ते फिरायलाच हवं. हात पूर्ण वर नेला तर एकशेऐंशी अंशांपैकी साठेक अंश पात्याचे असतात. खांदे खिळे ठोकल्यासारखे खाली दाबून धरलेत तर नवं दुखणं ओढवून घ्याल. बघायचं एवढंच की सुरुवात खांदे उचलून होत नाही ना. टेप शेवटी थोडी हलली तर हलू दे, आधी हलता कामा नये.

मग अडचण आली वजनं वाढवायची. जिममध्ये अडीचनंतर थेट पाच. म्हणजे दुप्पट. प्रेसमध्ये चाळीसवरून साडेबेचाळीसवर जाता येतं, पण इथे अडीचवरून पाचवर गेलं की मान लगेच मदतीला धावून येते. मला वाटतं, लोकांचं साइड शोल्डर अडतं ते इथेच. मध्ये पायऱ्याच नसतात.

पण शिंप्याच्या घरात कापडाचे तुकडे कधी कमी असतात का? जुन्या जीन्सचे पाय कापून मनगटाला बांधता येतील अशा पट्ट्या शिवल्या, दुहेरी टाका, मध्ये तीन कप्पे, टोकाला वेल्क्रो. आत समुद्रावरची वाळू. शेजारच्या वाण्याकडे काट्यावर मोजून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन आणि पाव-पाव किलोच्या दोन केल्या. पहिल्या खेपेला वाळू धुतली नव्हती. आषाढात पट्ट्या हाताला ओलसर लागायला लागल्या. मिठाला हवेतला ओलावा ओढायची सवय, डंबेल गंजवतो तोच उद्योग. वाण्याकडे पुन्हा टाकल्या तर पाव किलोची पट्टी पाव किलोपेक्षा जड भरली. वाणी म्हणाला, "असा माल मला पाठव." मग वाळू तीनदा गोड्या पाण्याने धुतली, पत्र्यावर उन्हात वाळवली आणि पुन्हा भरली. आता ठीक आहे. मनगट मुठीपेक्षा खांद्याला जवळ, त्यामुळे पट्टीतला अर्धा किलो हातातल्या अर्ध्या किलोपेक्षा थोडा हलका पडतो, पण आपल्याला पायरी हवी, सोन्याचा काटा नको.

नियम असा ठेवला: एका वजनावर बारा आवर्तनांपासून सुरू करायचं. वीस स्वच्छ झाली, टेप शांत राहून, की पाव किलो वाढवायचं आणि पुन्हा बारावर यायचं. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवायचा जिथे आणखी एखाद-दोनच निघाली असती. हलकं वजन घेऊन पंधराला आरामात थांबलात तर ती कवायत झाली, तिने स्नायू फारसा वाढत नाही. खाली येताना दोन-तीन सेकंद घ्यायची. धपकन सोडू नका. गुरुत्वाकर्षणाला जे काम दिलंत ते स्नायूचं गेलं.

दुसरा बदल, दिवस वाटून घेतले. आधी आठवड्यातून तीन सेट होते. आता सोमवार, बुधवार आणि शनिवार, रोज चार, म्हणजे बारा. माझा हा स्नायू लवकर दमतो आणि लवकर सावरतोही. एकाच दिवशी बारा मारले तर शेवटचे सहा मानेचेच होतात, हे मी करून बघितलंय.

आता कटिंग टेबलाची गोष्ट. उभ्याने रेज मारताना तळाला ताण नसतो हे वर सांगितलंच. चिपळूणच्या मोठ्या जिममध्ये केबलचं मशिन आहे, त्यात दोर खालून आडवा ओढता येतो म्हणून तळालाही ताण मिळतो. मी रोज चिपळूणला कुठे जाऊ, पंचेचाळीस किलोमीटर? तेव्हा दुकान बंद झालं की कटिंग टेबलावर डाव्या कुशीवर आडवा होतो, उजवा हात मांडीलगत, हातात दीड किलो. आता हात जमिनीला आडवा, म्हणजे सुरुवातीलाच पुरता ताण. साठ-सत्तर अंशांपर्यंत वर न्यायचा, त्यापुढे वजन फारच सोपं होतं, तिथून परत. दीड किलो म्हणजे काय, असं वाटेल. करून बघा आणि मग बोला.

एकदा शटर पूर्ण ओढायचं विसरलो. एक बाई ब्लाउज न्यायला आल्या, आणि त्यांना काय दिसलं असेल? टेबलावर कापडाच्या जागी शिंपी, कुशीवर पडून पाण्याच्या बाटलीएवढं काहीतरी वरखाली करतोय. त्या तशाच उंबऱ्यात थांबल्या. "तब्येत बरी आहे ना?" मी उठून बसलो. ब्लाउज दिला, वर हूक बदलून दिले, पैसे घेतले नाहीत. तरी संध्याकाळपर्यंत देवळापर्यंत बातमी गेली होती की मला चक्कर आली.

अपराइट रोबद्दल, म्हणजे उभ्याने वजन अंगालगत वर ओढायच्या व्यायामाबद्दल, विचारतील म्हणून सांगतो: दोन महिने केला. हात जवळजवळ धरून हनुवटीपर्यंत ओढला की माझं जुनं टोचणं परत येतं. हात रुंद धरून, कोपरं खांद्याच्या उंचीवरच थांबवली तर येत नाही. पण मग मला त्यात रेजपेक्षा वेगळं काही मिळालं नाही. सोडला.

खाण्याचं फार बोलत नाही. किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं, असा आकडा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडून २०१८ साली छापला गेला, त्यापलीकडे खाऊन स्नायूला फारसा फायदा दिसत नाही. माझं वजन चौसष्ट, म्हणजे रोज शंभरेक ग्रॅम. बांगड्याच्या दिवसांत हे सोपं असतं. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पुढे श्रावण लागला की घरात अंडंसुद्धा येत नाही. मला वाटायचं कुळथाची पिठी आहे की! कुळीथ म्हणजे ताकद, हे लहानपणापासून ऐकलेलं. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात हे खरंच, पण वाटीभर पिठीत पीठ पडतं तीस ग्रॅम. म्हणजे एका वाटीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्याएवढी. श्रावणात मग दही, पनीर, उसळी आणि सोयाबीनच्या वड्या, ज्यांना आमच्या घरात मीच एकटा खातो. जून-जुलैत सुकट आणि सोडे आहेतच.

माप घेणं हा माझा धंदाच, तेव्हा स्वतःचंही घेतलं. मापवहीत गिऱ्हाइकांच्या ओळीतच माझी ओळ आहे, दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, चहाच्या आधी. दोन्ही खांद्यांभोवती, बाहेर सर्वांत फुगीर जागेवरून टेप फिरवून. हे स्वतःचं स्वतः नीट घेता येत नाही, बायको घेते. तिला टेप ओढू नकोस म्हणून सांगावं लागतं, कारण तिला वाटतं कमी भरलं की मी जेवण कमी मागेन.

डिसेंबर २०२२ ला त्रेचाळीस आणि पाव इंच. पाणी ओतून झाल्यावर, सप्टेंबर २०२३ ला, साडेत्रेचाळीस. त्यानंतर अडीच किलोपासून सुरुवात करून दीड वर्षाने सव्वापंचेचाळीस. त्यात छाती आणि पाठीचाही वाटा असणार, सगळं साइड शोल्डरच्या नावावर टाकत नाही. हातातलं वजन आज पाच किलो आणि वर अर्ध्या किलोची पट्टी. ज्या साडेसातने सुरुवात केली होती तिथे मी अजून पोचलेलो नाही.

आणि शोल्डरचं माप, हाडाच्या टोकापासून टोकापर्यंतचं? साडेसतरा होतं, साडेसतराच आहे. ते कसं वाढेल, ते हाडाचं माप. माणूस रुंद दिसायला लागतो तो हाडाच्या पलीकडे. यंदाच्या गणपतीला स्वतःसाठी शर्ट शिवला तेव्हा सवयीने जुन्या मापावर कापला. शोल्डर चपखल बसलं, कॉलर बसली, आणि बाही मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या घेरात, अडकली. मुंढा उसवून अर्धा इंच सैल केला, बाहीचा माथा थोडा उंच घेतला. जिमला जाणारी पोरं तयार शर्ट घेऊन येतात आणि म्हणतात "काका, खांद्यात घट्ट होतोय, शोल्डर वाढवा", त्यांचं शोल्डर मी पूर्वी मुकाट्याने वाढवून द्यायचो आणि शिवण दंडावर लोंबायची. आता आधी मुंढा बघतो.

शिमग्यात पालखी पुन्हा घेतली. दांडा टेकला तिथेच, मानेलगत, आणि नेहमीसारखा दुसऱ्या दिवशी तिथे लाल वळ. नव्या खांद्याचा पालखीला काडीचा उपयोग झाला नाही. चुलतभाऊ मुंबईहून आला होता, त्याने मागून हाक मारली ती मात्र माझ्या धाकट्या भावाच्या नावाने.

जिममधल्या त्या मुलाने वाळूच्या पट्ट्यांच्या तीन जोड्या शिवून मागितल्यात. एका जोडीचे ऐंशी रुपये. वाळू ज्याची त्याने आणायची, आणि धुऊन आणायची.